एका क्लिकच्या मागे

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आठवडाभर आधी आपली वेबसाइट गायब झाली होती, आठवतंय? स्क्रीनवर नुसतं 'अकाउंट सस्पेंडेड'! कुणी म्हणालं हॅक झाली, कुणी म्हणालं सर्व्हर बसला. कारण अगदी साधं निघालं. होस्टिंगचं बिल भरायचं राहून गेलं होतं. गंमत म्हणजे साइट कुणा माणसाने बंद केलीच नव्हती. हिंजवडीत होस्टिंग सपोर्टला नाइट शिफ्ट करणाऱ्या आमच्या एका सीनियरने फेज वनच्या टपरीवर चहा पिता पिता हे सगळं उलगडून सांगितलं.

एका सर्व्हरवर शेकडो साइट्स नांदतात, आपल्या होस्टेलसारख्याच. नवीन साइट आली की लिनक्सवर युजर तयार करा, डिस्कचा कोटा ठरवा, डीएनएसमध्ये नोंद घाला, अपाचीला नवं डोमेन सांगा, मायएसक्यूएलचा डेटाबेस काढा, मेलबॉक्स उघडा. हे हाताने करताना कॉन्फिग फाइलमध्ये एक चूक झाली, तर अपाची पुन्हा सुरूच होत नाही. म्हणजे शेजाऱ्यांच्या साइट्सही बंद!

म्हणून आलं कंट्रोल पॅनेल. सीपॅनेल 1996 पासूनचं, पुढे प्लेस्कही आलं. आपण फक्त फॉर्म भरतो. मागे रूटचे अधिकार असलेला प्रोग्राम ठरलेल्या साच्यातून फाइल्स लिहितो आणि सर्व्हिस रीलोड करतो. त्याच्याही वर बिलिंगचं सॉफ्टवेअर बसतं. पैसे आले की ते एपीआयमधून पॅनेलला सांगतं, 'खातं उघड'. मुदत टळली की 'सस्पेंड', आणखी दिवस गेले की 'टर्मिनेट'. सस्पेंड म्हणजे खोलीला कुलूप, सामान आत. टर्मिनेट म्हणजे खोलीच रिकामी! आपलं कुलपावर निभावलं.

अशा ऑटोमेशनवर आपल्या मुंबईतही मोठा धंदा उभा राहिला. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी 1998 मध्ये डायरेक्टी सुरू केली. तिच्या रिसेलरक्लबमुळे छोटे विक्रेते स्वतःच्या नावाने डोमेन आणि होस्टिंग विकू लागले. प्रत्येक खातं हाताने उघडावं लागलं असतं, तर हे जमलंच नसतं. 2014 मध्ये हा व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला.

पण सोयीची सवय महागही पडते. 2019 मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागे दर घेणं सोडून खात्यांच्या संख्येवर दर लावले. एकाच सर्व्हरवर शेकडो खाती ठेवणाऱ्यांचं बिल एकदम फुगलं. पॅनेल बदलणं सोपं नव्हतं, कारण आत काय चालतं हे अनेकांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हा मंडळी, लॅबमधल्या एखाद्या जुन्या मशीनवर वेबमिन आणि व्हर्च्युअलमिन टाका, फुकट मिळतात. एक खातं उघडा आणि कुठकुठल्या फाइल्स बदलल्या ते शोधा. मग तेच खातं पॅनेलशिवाय उघडून बघा. इंटरव्ह्यूला उपयोग होईलच. आणि हो, यंदाच्या गॅदरिंग कमिटीने बॅकअप दुसऱ्या मशीनवर ठेवावा आणि बिलाची तारीख नोटीस बोर्डावर लावावी. सॉफ्टवेअरला गॅदरिंग कळत नाही, फक्त तारीख कळते!