वॉल्थर पीपीके: पिस्तूल एवढं छोटं कसं?

जेम्स बाँडमुळे पीपीके सगळ्यांना माहीत झालं, पण मला त्याच्यापेक्षा त्यातलं काडतूस जास्त इंटरेस्टिंग वाटतं. पिस्तूल १९३१ चं, जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचं. काडतूस त्याहून जुनं, जॉन ब्राउनिंगनं तयार केलेलं .३२ एसीपी. युरोपात यालाच ७.६५ मिमी ब्राउनिंग म्हणतात; दोन्ही एकच बरं का! आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .३२ च्या पिस्तुलातही हेच लागतं.

यातली गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, दाबही कमी. ९ मिमी पॅराबेलमच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात. इथे ती भानगडच नाही. नळी फ्रेमला पक्की बसवलेली, स्प्रिंग तिच्याभोवतीच गुंडाळलेली. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर काम भागतं. पार्ट कमी, म्हणून आकार छोटा.

एक खोट मात्र आहे. काडतुसाची मागची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही अडकतात.

मॅगझिनमध्ये ७ काडतुसं मावतात, चेंबरमध्ये आठवं. मॅगझिन काढलं तरी हे आठवं आतच राहतं आणि चाप ओढला की सुटतं. त्यासाठी हॅमरच्या वर एक बारीक पिन दिलीय. चेंबर भरलेलं असलं की ती बाहेर येते, अंधारातही बोटाला लागते.