तळ्याकाठचं रोप तळ्यापुरतं राहत नाही

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये वर्षाला सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये कोसळतो. पुढचे सहा महिने आभाळ कोरडं. इथल्या मूळच्या लाराकिया लोकांच्या कालगणनेत मात्र सात ऋतू आहेत. दव पडण्याचा वेगळा, मोठ्या वाऱ्याचा वेगळा. शेजारच्या पामर्स्टनमध्ये डुरॅक, गन अशा वस्त्यांत घरांच्या मागे तळी खोदलेली आहेत. तिथे परसातली हिरवळ उतरत उतरत पाण्याला भिडते. आपला माणूस तिथे राहायला आला की आधी कढीपत्ता, शेवगा, केळ लावतो. मग नजर पाण्याच्या काठाकडे जाते. तिथे काय लावायचं, हा प्रश्न या भागात जवळजवळ दीडशे वर्षं जुना आहे.

१८७८ मध्ये मॉरिस होल्ट्झ या जर्मन वनस्पतितज्ज्ञाकडे इथली सरकारी बाग आली आणि १८८६ मध्ये ती आजच्या जागी हलली. उष्ण प्रदेशात कोणती पिकं तग धरतात, हे तिथे लावून पाहायचं होतं. १८९१ च्या आधीच्या वीसेक वर्षांत कधीतरी मिमोसा पिग्रा हे अमेरिकेतलं झुडूप डार्विनच्या बागेत पोचलं. आपल्या लाजाळूचंच हे थोरलं भावंड. हात लावला की पानं मिटतात, म्हणून कौतुकाने लावलं असावं. कित्येक दशकं ते शहराच्या आसपासच राहिलं. १९५२ मध्ये मात्र अ‍ॅडलेड नदीच्या काठी सापडलं. याच्या शेंगेचे तुकडे पडतात, एकेका तुकड्यात एकेक बी, वर बारीक केस, आणि ते पाण्यावर आरामात तरंगतं. रानम्हशींनी पाणथळ जागांवरचं गवत आधीच तुडवून ठेवलं होतं. १९७० च्या दशकातल्या पुरांनी बी वाहून नेलं आणि पुढे सुमारे ८०,००० हेक्टर पाणथळ जमीन या काटेरी रानाखाली गेली. कीटक सोडून, औषध फवारून, जाळून त्याच्याशी चाललेली झुंज अजून संपलेली नाही. सगळं एका बागेतून सुरू झालेलं.

पवनेत, उजनीत, रंकाळ्यात जलपर्णी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पामर्स्टनच्या मार्लो लगूनमध्ये १९९६ मध्ये कॅबोम्बा सापडलं, २००४ मध्ये डार्विन नदीत. माशांच्या टाकीत शोभेसाठी ठेवतात ती ही पाणवनस्पती. देठाचा एक तुकडा पाण्यात पडला तरी तिला पुरतो.

झाडांची गोष्ट याहून दुःखाची. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी वादळाने शहर सपाट केलं. ताशी २१७ किलोमीटरची नोंद करून वारा मोजण्याचं यंत्रच बंद पडलं. सत्तर टक्क्यांहून अधिक घरं गेली, तीस हजारांवर माणसं बाहेर हलवावी लागली आणि मागे उरलेल्या झाडांवर पान राहिलं नाही. अशा उघड्या शहरात परत आलेल्यांना सगळ्यात आधी सावली हवी होती. म्हणून भराभर वाढणारी आफ्रिकन महोगनी रस्तोरस्ती लागली. मला त्या लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. उन्हात बसलेला माणूस तीस वर्षांनी मोठं होणारं झाड कसं निवडेल? पण वरवर पसरलेली मुळं आणि पावसाने भिजलेली जमीन यांचा हिशोब १७ मार्च २०१८ ला झाला. मार्कस वादळ ट्रेसीच्या मानाने हलकं होतं, तरी हजारो झाडं पडली आणि त्यांत या महोगन्या पुष्कळ होत्या. नगरपालिका आवारातलं वडाच्या कुळातलं एक जुनं, इथल्याच मातीतलं झाड मात्र ट्रेसीतूनही वाचलेलं आहे. लाराकिया त्याला गालामार्मा म्हणतात.

ट्रेसीनंतर ती उद्ध्वस्त सरकारी बाग पुन्हा उभी करणारे जॉर्ज ब्राउन पुढे शहराचे महापौर झाले. २००२ पासून बागेला त्यांचं नाव आहे. डार्विनने एका माळ्याला दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

शहराबाहेरचा फॉग डॅम एकदा जाऊन पाहा. हम्प्टी डू इथल्या भातशेतीसाठी १९५६ मध्ये बांधलेलं ते धरण. भाताची योजना फसली, पाणी राहिलं, आणि त्यात कमळं आली, पक्षी आले. कमळ इथलंही मूळचंच आहे, हे कळल्यावर आपल्या माणसाला हायसं वाटतं. आणखीही ओळखीचे आहेत: काठाला पाण्यात पाय सोडून उभं राहणारं निवर (म्हणजे समुद्रफळ), करंज आणि उंडी. तिन्ही कोकणातली आणि तिन्ही उत्तर ऑस्ट्रेलियातलीही. केवड्याचं चुलत भावंड पँडॅनस तर रानात जागोजागी दिसतं. तळ्याकाठी घर बांधताना मी हीच झाडं लावा म्हणेन. घराला खेटून काही मोठं लावू नका, आणि हिरवळीला पाणी घालून घालून मुळं वरच ठेवू नका.

आणखी एक, पावसाळ्यात मातीत हात घालण्याआधी हातमोजे आणि बूट घाला. इथल्या मातीत मेलिऑइडोसिस या आजाराचे जंतू असतात, पाऊस सुरू झाला की रुग्ण वाढतात आणि मधुमेह असलेल्यांना धोका सर्वांत जास्त. आपल्यात मधुमेह घरोघर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि मुलांची माशांची टाकी कधी मोडायची झाली, तर ती तळ्यात उपडी करू नका. त्यातली पानं उन्हात कडक वाळवा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका.