कोपरा सडला, आता सिमेंट भरा?

ओंडक्यांच्या जुन्या घराचा कोपरा सडला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘पोकळीत सिमेंट भरा, वरून रंग मारा, पन्नास वर्षं बघायला नको.’ हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्यापायी वाचण्याजोगी घरं हकनाक जातात, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

गैरसमज: सिमेंटने कोपरा पक्का होतो.

वस्तुस्थिती: अशा घराला सहसा खांब नसतात. आडवे ओंडके एकावर एक चढवून कोपऱ्यात खाचांनी एकमेकांत अडकवलेले असतात. भिंत उभी असते ती त्या खाचांच्या जिवावर आणि पाण्यालाही नेमकी तीच जागा सापडते. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेतं, त्या ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला उघड्या पडतात. त्यामुळे ओंडक्याच्या अंगापेक्षा टोक कितीतरी झपाट्याने पाणी ओढतं.

आता तिथे सिमेंट भरलं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. पाऊस तिथून आत शिरतो, पण त्याला सुकायला वाव मिळत नाही. बाहेरून कोपरा गुळगुळीत आणि आत लाकडाचा भुगा! टोच्या लावून बघा: निरोगी लाकडात तो जेमतेम रुततो, सडलेल्यात सहज आत जातो.

माझ्या शब्दावर विश्वास नको. ऐतिहासिक ओंडकाघरांच्या जतनावर अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने १९९१ मध्ये पुस्तिका काढली. ओंडक्यांमधल्या फटी लिंपतानाही बहुतेक जुन्या घरांसाठी सिमेंट चुन्याच्या निम्म्याहून जास्त नको, असं ती बजावते. कारणही देते: सिमेंट आकसतं, त्याला बारीक तडे जातात आणि ते ओल धरून ठेवतं.

मग करायचं काय? आधी पाण्याची वाट शोधा. पन्हळ फुटली आहे का? वळचण आखूड पडते का? खालच्या ओंडक्याला माती टेकली आहे का? आपल्या वाड्यांतले खांब मातीत न रोवता दगडी तळखड्यावर उभे करतात, ते याच ओलीमुळे. ही वाट बंद झाल्यावर ओंडक्यांना क्रमांक घाला, जॅक लावून भार हळूहळू उचला, सडका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा सांधा करून बसवा. खाच शक्यतो वरच्या ओंडक्याच्या पोटाला घ्यावी. खालच्या ओंडक्याच्या पाठीवर घेतली तर तिची वाटी होते आणि तीत पाणी साचतं.

गैरसमज: कोपरे गेले म्हणजे घर पाडायलाच हवं.

वस्तुस्थिती: रशियात ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर १७१४ सालचं, २२ घुमटांचं, ३७ मीटर उंच लाकडी चर्च आहे. ते कलायला लागलं, तेव्हा १९८०च्या दशकात आतून पोलादी सांगाड्याचा आधार दिला. पुढे इमारतीचे सात थर कल्पून काम सुरू झालं ते तळापासून. वरचा भाग जॅकवर तोलून धरायचा, खालचा थर सोडवून कार्यशाळेत न्यायचा, सडके ओंडके दुरुस्त करायचे किंवा बदलायचे आणि थर पुन्हा जागेवर बसवायचा. २०२० मध्ये हे काम पूर्ण झालं. एवढा डोलारा वाचतो, तर तुमच्या घराचे चार कोपरे का नाही वाचणार?

आणखी काही समज, थोडक्यात:

‘किझीच्या चर्चमध्ये एकही खिळा नाही.’ घुमटांवरच्या लाकडी खवल्यांना खिळे आहेत.

‘लाकूड वयाने सडतं.’ सडवते ती बुरशी, आणि तिला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो.

‘व्हार्निशचा जाड थर दिला की चिंता मिटली.’ थराला चीर पडली की त्याच्याखाली ओल कोंडते.

‘ओंडका लांबीत आकसतो.’ लांबीत नगण्य, जाडीत बराच. म्हणूनच ओल्या ओंडक्यांची भिंत खाली बसते आणि खिडकीच्या चौकटीवर फट राखावी लागते.

तेव्हा कोणी सिमेंटची गोणी घेऊन आला, तर त्याला विचारा: आत गेलेलं पाणी बाहेर कुठून पडणार? उत्तर देता आलं नाही, तर त्याला कोपऱ्याला हात लावू देऊ नका. जुना सांधा वाचू शकणारा सुतार शोधा.