ठेका एकच, मग पाऊल का चुकते?

रायगडच्या किनारपट्टीवर गौरी-गणपतीत जाखडी म्हणजेच बाल्या नाच रंगतो. शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यात सवाल-जवाबांची चुरस लागते. गाणारे व मृदंग-झांज वाजवणारे मधोमध बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. मिरवणुकीत मात्र बेंजो पार्टी पुढे आणि नाचणाऱ्यांची लांब रांग मागे असते. फेरात पावले जुळतात. रांगेत शेवटची पावले मागे पडतात. असे का होते?

प्रथम वाद्ये पाहू. आपला बेंजो हा बुलबुलतरंगाचा भाऊ. मूळ जपानी वाद्य १९१२ साली नागोया येथे तयार झाले. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली की शेजारच्या वेटोळ्यात वीज प्रवर्तित होते. ऑक्टापॅड १९८५ साली बाजारात आला. त्याच्या रबरी चकतीवर काठी पडताच खालचा संवेदक विजेचा स्पंद देतो आणि साठवलेला ढोलाचा आवाज उमटतो. हे विजेचे संदेश तारेतून ध्वनिवर्धकापर्यंत जवळजवळ तत्काळ पोहोचतात.

खरा उशीर होतो तो त्यापुढे, हवेत! ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ३५ मीटर मागे असलेल्या मुलाला ठेका ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठेके असतील, तर दोन ठेक्यांत अंतर ०.५ सेकंदाचे, म्हणजे चूक त्याच्या एक पंचमांश झाली. फेरात मात्र सर्वजण केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून ठेका सर्वांना एकाच क्षणी मिळतो.

मग आवाज वाढवला तर? आवाज मोठा होतो, पण त्याचा वेग वाढत नाही. उलट ध्वनिवर्धकाजवळच्यांचे कान धोक्यात येतात. ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तास, तर १०० डेसिबल आवाज जेमतेम १५ मिनिटे सुरक्षित मानला जातो. आंतरकर्णातील नाजूक केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पावले जुळवायची तर वादकांना मध्ये घ्यावे, हेच बरे.

करून पाहा : ओहोटीच्या वेळी मोकळ्या पुळणीवर मित्राला सेकंदाला दोन वेळा थाळी वाजवायला सांगा. त्याच्याकडे पाहत मागे मागे जा. सुमारे १७५ मीटरवर प्रत्येक आवाज पुढच्या ठोक्याबरोबर ऐकू येईल. ते अंतर मोजा, त्याला अर्ध्या सेकंदाने भागा. ध्वनीचा वेग तुम्हीच काढलात!