‘फॅक्टरी’ आणि ‘वखार’ : ऐतिहासिक इंग्रजीच्या वाचनातील अर्थभेद

मराठ्यांच्या इतिहासाची साधने अभ्यासणाऱ्यास बखरी व मोडी कागदपत्रांबरोबरच सतराव्या शतकातील इंग्रजी पत्रव्यवहारही वाचावा लागतो. विल्यम फॉस्टर यांनी 1906 पासून संपादित केलेली ‘द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’ ही ग्रंथमाला आणि पुण्यातून 1931 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ हा संग्रह ही या साहित्याची परिचित उदाहरणे होत. या इंग्रजीतील अपरिचित शब्द वाचकाला थांबवतात व तो कोश उघडतो. परिचित शब्द मात्र त्याला थांबवीत नाहीत, आणि खरा धोका तेथेच असतो.

‘फॅक्टरी’ हा असाच शब्द. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाली. या महामंडळाच्या अंबरनाथ एमआयडीसीच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या मनात या शब्दाने यंत्रे, पाळ्या, भोंगा आणि धुराडे उभे राहते. असा विद्यार्थी राजापूरच्या ‘इंग्लिश फॅक्टरी’चा उल्लेख वाचतो तेव्हा तेथे काही माल तयार होत असावा, असे तो सहज गृहीत धरतो. वस्तुतः त्या काळी ‘फॅक्टर’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यापार करणारा अडत्या वा प्रतिनिधी, आणि ‘फॅक्टरी’ म्हणजे अशा प्रतिनिधींचे राहण्याचे, माल साठवण्याचे व हिशेब ठेवण्याचे ठिकाण. तेथे उत्पादन होत नसे. कापड विणकराच्या घरी विणले जाई. कंपनी आगाऊ रक्कम देऊन ते खरेदी करी. यंत्रोद्योगाचा विस्तार झाल्यावर ‘फॅक्टरी’चा आजचा अर्थ रूढ झाला.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून इंग्रजांची वखार लुटली व तेथील अधिकाऱ्यांना कैद केले. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या आणि 1674 च्या तहापर्यंत पोहोचलेल्या भरपाईच्या वाटाघाटी व्यापारी मालाच्या व रकमेच्या होत्या. ‘फॅक्टरी’चा अर्थ चुकला, तर या वादाचे आर्थिक स्वरूपच चुकीचे समजते.

मराठी पर्याय योजतानाही सावधगिरी आवश्यक ठरते. ‘कारखाना’ लिहावे, तर मराठेशाहीतील ‘अठरा कारखाने, बारा महाल’ आड येतात. तेथील पीलखाना, फरासखाना, अंबरखाना हे राज्यकारभाराचे विभाग होत. आजच्या अर्थाने कारखाने नव्हेत. त्यांपैकी ‘दारूखाना’ म्हणजे बंदुकीच्या दारूचे कोठार. ‘वखार’ हा योग्य प्रतिशब्द. परंतु आज तो लाकडाच्या वा कोळशाच्या वखारीपुरता आक्रसला आहे. तात्पर्य, अर्थांतर दोन्ही भाषांत झाले असल्याने मूळ शब्दाप्रमाणे प्रतिशब्दाचाही काळ तपासावा लागतो.

अशा शब्दांची संख्या बरीच आहे. ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, तर कंपनीच्या सेवेतील सर्वांत खालच्या श्रेणीचा कारकून. कलकत्त्याच्या ‘रायटर्स बिल्डिंग’च्या नावात हा अर्थ टिकून आहे. ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे विलायतेस पाठवण्यासाठी केलेली मालाची खरेदी. ‘प्रेझेंटली’ म्हणजे पुष्कळदा ‘ताबडतोब’. ‘वाँट’ म्हणजे इच्छा नव्हे, तर उणीव. अंबरनाथमध्ये ‘ऑर्डनन्स’ म्हटले की संरक्षण खात्याच्या उत्पादनाचा कारखाना व त्याची वसाहत समजली जाते. जुन्या पत्रांत तोच शब्द प्रत्यक्ष तोफांसाठी येतो. म्हणून ‘वाँट ऑफ ऑर्डनन्स’ याचा अर्थ ‘तोफांची वाण’ असा होईल.

या शब्दसंपत्तीचा अभ्यास याद्या पाठ करून साधत नाही. शब्दाभोवतीची क्रियापदे पाहावीत : त्या ठिकाणी माल ‘घडतो’ की ‘उतरतो’, माणसे ‘राबतात’ की ‘राहतात’? त्यानंतर कालक्रमाने अर्थ देणारा ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, यूल व बर्नेल यांचा 1886 चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ आणि मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश पडताळावा. शब्द, पत्राचे वर्ष, तत्कालीन अर्थ आणि मराठी प्रतिशब्द अशा चार रकान्यांची स्वतःची टिपणवही ठेवणे हितावह. ऐतिहासिक कादंबरीचा चिकित्सक, साधनांचा अनुवादक आणि वर्गात उतारा शिकवणारा अध्यापक या तिघांनाही ही शिस्त सारखीच उपयोगी आहे. शब्द ओळखीचा वाटला म्हणजे अर्थ कळला असे नव्हे, ही जाणीव ऐतिहासिक साधनांच्या वाचनाची पहिली अट होय.