मधुमेहातील उपचारसातत्य आणि जीवनशैली : एक विवेचन

प्रस्तावना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. या विकारावर प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. तथापि ती वर्षानुवर्षे नियमित घेणे अनेकांना साधत नाही. दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नमूद केले होते. हे सातत्य का तुटते व ते कसे टिकविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात टाइप २ मधुमेहाच्या संदर्भात केला आहे.

सातत्य का तुटते?

वाढलेली रक्तशर्करा बहुधा दुखत नाही. नेत्रपटल, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी वर्षानुवर्षे मूकपणे होत राहते. गोळी घेतली तरी विशेष काही जाणवत नाही आणि चुकली तरी जाणवत नाही; त्यामुळे रुग्णाचा स्वानुभवच त्याची दिशाभूल करतो. ‘साखर नॉर्मल आली, आता गोळ्या कशाला?’ हा प्रश्न याच अनुभवातून उद्भवतो. वस्तुतः तो अहवाल चालू उपचारांचे फळ असतो.

काही रुग्ण तपासणीपूर्वी दोन दिवस कडक पथ्य पाळतात. उपाशीपोटीची साखर त्यामुळे कमी दिसू शकते. परंतु एचबीए१सी ही चाचणी मागील दोन ते तीन महिन्यांची सरासरी दर्शविते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली शर्करा या चाचणीत मोजली जाते.

सातत्याचे फलित

ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काटेकोर उपचार घेणाऱ्या गटाचे एचबीए१सी ७.० टक्के, तर इतरांचे ७.९ टक्के होते. एवढ्या फरकाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंत २५ टक्क्यांनी घटली. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांतील हा फरक नाहीसा झाला. तरीही पहिल्या गटाचा लाभ पुढील दहा वर्षे टिकल्याचे २००८ मध्ये दिसून आले. निदानानंतरच्या आरंभीच्या वर्षांचे मोल यावरून ध्यानी यावे.

पथ्य आणि कुटुंब

पथ्य कागदावर लिहिले जाते, पण पाळले जाते ते स्वयंपाकघरात. महाराष्ट्रातील अनेक घरांत गृहिणी सर्वांना वाढून शेवटी जेवते. ती स्वतः मधुमेही असल्यास गोळी व जेवण यांची वेळ रोजच हुकते. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाला चालणारा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने साखर झपाट्याने वाढते. उलटपक्षी, ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निरंकार उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून उपवासापूर्वी औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

रुग्णासाठी वेगळे ‘आजाऱ्याचे जेवण’ शिजविण्यापेक्षा भात-भाकरीचे प्रमाण बेताचे ठेवून उसळ, पालेभाजी व कोशिंबीर यांचे प्रमाण सर्वांच्याच ताटात वाढविणे अधिक टिकाऊ ठरते. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास, हे उद्दिष्टही घरातील सोबतीने सुकर होते.

उपाययोजना

गोळीची वेळ सकाळच्या न्याहारीसारख्या ठरलेल्या सवयीशी जोडावी. महिनाअखेरीस पैशांअभावी गोळ्या अर्ध्यावर आणण्याऐवजी ही अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. अनेकदा स्वस्त जेनेरिक पर्याय उपलब्ध असतो. डॉक्टरांनीही ‘गोळ्या घेता ना?’ असे न विचारता ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळते. दुसऱ्याने खरे बोलण्यास वाव मिळतो.

समारोप

उपचारातील खंडाकडे केवळ रुग्णाचा हलगर्जीपणा म्हणून पाहिल्यास तो दडविला जातो आणि औषधाची मात्रा विनाकारण वाढते. उपचार रुग्णाच्या दिनक्रमात, ऐपतीत व घराच्या रीतीत बसविणे ही रुग्ण, कुटुंब आणि वैद्यक यांची सामायिक जबाबदारी आहे. ती पार पडली तरच उपलब्ध औषधांचा लाभ रुग्णाच्या दृष्टीला, मूत्रपिंडांना व पावलांना मिळू शकेल.