देवी घराची, पाय पोरांचे

गुढीपाडवा झाला की धुळे-जळगावच्या गल्लीबोळांत मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती, टेम्पो कोणाचा, भांडी कोणाकडची, यंदा नवी मुले किती? दहावी-बारावीचे पेपर आटोपलेले असतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि कपाशीची लागवड अजून लांब असते. शेताला आणि शाळेला एकाच वेळी सुटी मिळते ती या दिवसांत. मग खानदेशातली तरुण पोरे भगवे निशाण घेऊन सप्तशृंग गडाकडे चालू लागतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव असतो आणि त्यातली मोठी गर्दी खानदेशची असते.

धुळ्याहून गड दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. जळगावकरांना एरंडोल, पारोळा करत आधी धुळे गाठायचे असते. पुढे महामार्गाने आर्वी, झोडगे, मालेगाव. तिथून सौंदाणे, देवळा, कळवण आणि पायथ्याचे नांदुरी. मालेगावपासून पुढची वाट गिरणेच्या खोऱ्यातून वर चढते. भडगाव-जळगावची शेते भिजवून तापीला मिळणारी ही नदी कळवणच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत उगम पावते. म्हणजे ही मुले आपल्याच नदीच्या उगमाच्या दिशेने चालत असतात. खानदेशाला गडावरची ही देवी परक्या जिल्ह्यातली का वाटत नाही, याचे एक उत्तर मला या वाटेत दिसते. अनेक घरांची तर ती कुलदेवताच आहे.

चैत्रातले ऊन इथे चाळिशी ओलांडते, म्हणून चालणे पहाटेचे आणि रात्रीचे. दुपारी लिंबाखाली किंवा एखाद्या मंगल कार्यालयात पडून राहायचे. वाटेवरच्या गावांतली मंडळे ताक, सरबत, कलिंगडाच्या फोडी घेऊन उभी असतात. कुठे डॉक्टर पायाचे फोड बांधून देतात, कुठे वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते. अनवाणी चालणारेही पुष्कळ. पहिल्यांदा आलेल्या मुलाचे ओझे टेम्पोत जाते, पाय मात्र त्याचेच. मागे पडलेल्याला "चल भो, आलाच गड" म्हणत सोबत करायची, ही जुन्या मुलांची जबाबदारी. शिस्त कुठे लिहिलेली नसते, तरी ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

नवस बहुधा आईचा किंवा आजीचा असतो. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून नातू चालतो. देवी घराची आणि पाय पोरांचे, हीच या पदयात्रेची खरी घडण आहे. दुसऱ्याच्या वतीने देवळात जाणे इतरत्रही आहे. मॉर्मन पंथातली मुले बाराव्या वर्षाच्या सुमारास मंदिरात जाऊ लागतात आणि मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेतात. पण त्यासाठी त्यांना स्थानिक प्रमुखाची परवानगी लागते. आमच्याकडे मंडळात नाव दिले की झाले. ही खुली दारेच मला या प्रथेची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते.

नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट, त्यावर सुमारे पाचशे पायऱ्या. या पायऱ्या सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पत्नी उमाबाईंनी बांधवल्याचे मानले जाते. 2018पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे, पण पायी आलेला गट सहसा पायऱ्यांनीच चढतो. वर कड्यात कोरलेली अठरा हातांची, सुमारे आठ फुटांची मूर्ती. साडेतीन पीठांतले हे अर्धे पीठ. 2022मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर शास्त्रीय पद्धतीने उतरवण्यात आला आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून भाविकांना मूळ रूपाचे दर्शन होऊ लागले. आजीने आयुष्यभर शेंदरातला मुखवटा पाहिला. नातवाला दगडात कोरलेली नथ, कर्णफुले दिसतात. घरी येऊन तो आजीला तिचीच देवी नव्याने सांगतो, हे मला फार मोलाचे वाटते.

पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी ध्वज घेऊन शिखराकडे निघतो. तो सुळका चढायला अतिशय अवघड आहे. पहाटे शिखरावर ध्वज फडकताना दिसला की खाली हजारो कंठांतून जयजयकार उठतो.

दोन गोष्टी मात्र बदलल्याच पाहिजेत. टेम्पोवरचे मोठे स्पीकर अलीकडे इतके चढे असतात की शेजारी चालणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. पूर्वी याच वाटेवर मुले अहिराणी गाणी शिकत. आणि महामार्गावर अंधारात घोळक्याने चालणे जिवावर बेतणारे आहे. एकेरी रांग, चमकत्या पट्ट्यांची जाकिटे, मागे दिवा धरलेला माणूस, एवढे प्रत्येक मंडळाने वर्गणीतूनच करावे. टी-शर्ट छापायला पैसे निघतात, तर यालाही निघतील.

परतीचा प्रवास एसटीने किंवा त्याच टेम्पोने, काही तासांत संपणारा. घरी पोचल्यावर प्रसाद भाऊबंदांत वाटला जातो, मंडळाचा हिशेब लागतो, आणि उरलेली रक्कम पुढच्या चैत्रासाठी खजिनदाराच्या वहीत जमा होते.